चेकरकाकांचं गाऱ्हाणं

आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमध्ये चेकरकाकांच्या घरची बेल वाजवली की दार उघडायच्या आधी फटीतून एक पंजा बाहेर यायचा आणि मागून आवाज, "तिकीट?"

जन्मभर बसमध्ये तिकीट तपासनीस होते. रिटायर होऊन जमाना झाला, पण हाताची सवय काही सुटली नव्हती. बिल्डिंगमधली पोरं मुद्दाम बेल वाजवायची आणि त्या पंजावर मिळेल ते ठेवायची. चॉकलेटचा कागद, बदामाचं पान, लाँड्रीची पावती. काका ते अगदी गंभीर तोंड करून उलटसुलट बघायचे आणि "खय उतरतलंस?", म्हणजे कुठे उतरणार, असं मालवणीत विचारून परत द्यायचे. कुरियरवाल्यांचीसुद्धा सुटका नव्हती. गेल्या वर्षी काका गेले तेव्हा त्यांना खाली आणल्यावर पोरांनी कुठूनसं बसचं खरं तिकीट पैदा केलं आणि त्यांच्या मुठीत सरकवलं. सगळी मोठी माणसं रडता रडता हसायला लागली. असं हसतं मरण फार कमी जणांच्या वाट्याला येत असेल.

आता खरं सांगायला काय जातंय? सुरुवातीला मला हा माणूस अजिबात आवडायचा नाही. एक तर आगाऊ. घरात आले की थेट ओट्यापाशी. टोपाचं झाकण उचलून वास घ्यायचे. "काय गो, सुकटीत कोकम टाकूक इसारलंस?" अहो, आमची सुकट, आमचं कोकम, तुम्हाला काय करायचंय! मी डोळे वटारायचे आणि माझे बाबा पलीकडे खो खो हसायचे. बाबा आणि काका एकाच तालुक्यातले. बाबा मिलमध्ये होते, मिल बंद पडल्यावर वॉचमनकी केली, आणि सगळ्या आयुष्यात त्यांनी जिवाभावाचा असा हा एकच मित्र केला.

दुसरं म्हणजे बिल्डिंगच्या सत्यनारायणाला काकांचं गाऱ्हाणं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या कोकणात पूजा झाली की एक जण देवापुढे नारळ धरून उभा राहतो आणि मोठ्याने देवाला मागणं मागतो. प्रत्येक मागण्यानंतर जमलेली सगळी माणसं एका सुरात ओरडतात, "व्हय म्हाराजा!" मागणं काय असतं? लेकराबाळांना सुखी ठेव, चुकलंमाकलं माफ कर. काका मात्र तिथे सोसायटीची मीटिंग घ्यायचे. "बा देवा म्हाराजा, तिसऱ्या माळ्याची बाय खिडकीतसून कचरो टाकता, तिका जिनो उतरूची शक्ती दी रे म्हाराजा!" की सगळे "व्हय म्हाराजा!" तिसऱ्या मजल्यावरची बाईसुद्धा ओरडायची, कारण गाऱ्हाण्याला हो म्हणायचं नाही हे आमच्याकडे चालतच नाही. नाव तुमचं असो नाहीतर आणखी कुणाचं, देवापुढे आहात ना, मग म्हणा. आणि या सगळ्यांत मोठा आवाज कुणाचा, तर माझ्या बाबांचा. मागच्या रांगेत उभे राहून असे गर्जायचे की नाक्यावरचा पानवाला विचारायचा, "आज पूजा है क्या?"

तर असे माझे बाबा. एका सकाळी चहाचा कप हातातून सुटला, तोंड वाकडं झालं, आणि उजवा हात, उजवा पाय आणि आवाज असं सगळं एकदम गेलं.

हॉस्पिटलमधून घरी आणलं ते चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या घरात. आई आधीच गेलेली. मी एकटी, त्यात लॅबमधली शिफ्टची नोकरी. आया ठेवल्या. एक आली, दुसरी आली, एक तर जेवून झोपून निघून गेली. बाबांच्या पाठीला जखम व्हायला लागली तेव्हा माझी वाट लागली. डॉक्टर म्हणाले, "आवाज येऊ शकतो, थोडा थोडा. त्यांच्याशी बोलत राहा." मी बोलायला बसायचे. बाबा भिंतीकडे बघायचे. त्यांना सगळं कळत होतं, पण त्यांनी जणू दुकान बंद करून शटर ओढलं होतं. मग दोन वाक्यांत मीच त्यांचा हात धरून रडत बसायचे.

शेवटी ठरवलं. चोवीस तास माणसं असतील, व्यायाम करून घेतील, कूस बदलतील, अशा एखाद्या केअर सेंटरमध्ये ठेवायचं. गावाला कळलं. फोनवर फोन. "बापाक आश्रमात टाकतंस? लोकांनी काय म्हणूचा?" मी सगळ्यांना एकच सांगितलं, लोकांना इथे पाठवा, कूस बदलायला दोन माणसं कमीच पडतायत.

त्या संध्याकाळी काका आले. मी भांडायच्या पूर्ण तयारीत. टेबलावर केअर सेंटरांची चकचकीत माहितीपत्रकं पडली होती, ती त्यांनी उचलली आणि तिकीट बघावं तशी उलटसुलट बघितली.

"ह्येच्यात बस दिसता," म्हणाले. "आतले पॅसेंजर कसे आसत, ता खय दिसता?"

"मग काय करू, काका?"

"काय करतलंस? तपासूक जावया."

आणि मग सुरू झाली आमची वरात. मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली. सगळीकडे बसनेच, कारण रिक्षात बसलं की काकांना चुकल्यासारखं व्हायचं. बसमध्ये चढले की कंडक्टरकडे असं बघायचे की तो बिचारा उगाच बॅग नीट करायचा.

पहिल्याच जागी मी फाटकाची बेल वाजवायला गेले तर माझं मनगट धरलं. "खुळी काय तू? चेकर डेपोत चढना नाय. कोणाच्या ध्यानीमनी नाय अशा स्टॉपवर चढता." आणि मला घेऊन सरळ मागच्या दाराने, स्वयंपाकघरातून. तिथे पुन्हा तेच, टोपांची झाकणं उचलायची. आचारी म्हणतोय, "अरे ओ बाबा, कौन चाहिए?" आणि हे डाळीत पळी घालून बघतायत की तळाला काही आहे का नुसतं पिवळं पाणी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण गंमत सांगते, ज्या ठिकाणी आचारी चिडला तिथली डाळ बरी निघाली आणि जिथे आचारी घाबरला तिथे ती पाणीच होती.

मग आतल्या खोल्या. प्रत्येक म्हाताऱ्या माणसाशी हात मिळवायचा. मला वाटायचं, काय प्रेमळ माणूस. नंतर कळलं की ते नखं बघायचे. कापलेली आहेत का, आत मळ आहे का. मग घंटी. पलंगाजवळची घंटी दाबायची आणि डोळे मिटून भजन सुरू करायचं. काकांनी घड्याळ कधी वापरलं नाही. बसच्या वेळेचं नि घड्याळाचं कधी जमलं नाही म्हणून आपणही त्याचा नाद सोडला, असं सांगायचे. तर भजनाचं धृपद होऊन पहिलं कडवं संपायच्या आत कुणी आलं तर पास. घाटकोपरच्या एका संगमरवरी फरशीवाल्या ठिकाणी काकांनी अख्खं भजन संपवलं, दुसरं घेतलं, शेजारच्या पलंगावरच्या आजोबांनी टाळ्यांनी ठेका धरला, तरी कुणी फिरकलं नाही.

मी म्हटलं, "पण शांत किती आहे ना, काका! किती स्वच्छ."

"ताच सांगतंय. हय कोण भांडणाच नाय. इतकी माणसा एका घरात, आणि कोणाचो कोणाक आवाज नाय? माका भीती वाटता." आणि जागा नापास झाली की ठरलेला शब्द, "उतर."

आम्ही पुष्कळ ठिकाणी उतरलो. अंधेरीला एक जागा चांगली होती, भांडणंही होती, नखंही स्वच्छ. मॅनेजरने अभिमानाने सांगितलं, "आपल्याकडे प्युअर व्हेज." काकांनी माझ्याकडे बघितलं. बाहेर आल्यावर म्हणाले, "तुझो बापूस हय जगतलो गो. पण कशाक?"

आणि जुहूचा तो प्रकार! तो सांगितल्याशिवाय हा माणूस पुरा होत नाही. पत्ता चुकलो. गल्लीत एक मोठा बंगला दिसला, झाडंबिडं, आत पांढऱ्या कपड्यांतली माणसं हळूहळू चालतायत. काका म्हणाले, हीच ती जागा. गेले मागच्या दाराने. स्वयंपाकघरात एका टोपात दुधीचं पाणी, दुसऱ्यात नुसतंच गरम पाणी. काकांचा चेहरा बदलला. व्हरांड्यात एक जाडजूड गृहस्थ बसले होते. काकांनी विचारलं, "जेवलात?" ते खोल गेलेल्या आवाजात म्हणाले, "नाही हो. परवापासून काही दिलं नाही." झालं! काकांचं टाळकं सटकलं. ऑफिसात जाऊन टेबलावर हात आपटला. "म्हाताऱ्या माणसांका उपाशी ठेवतास? बोलवा तुमच्या सायबाक!" मग कळलं की ते निसर्गोपचार केंद्र होतं, आणि ही सगळी श्रीमंत मंडळी स्वतःच्या खुशीने, कित्येक आठवडे आधी नंबर लावून उपाशी राहायला आली होती. मला जमीन दुभंगावी असं झालं. काका मात्र शांत. निघताना त्या जाडजूड गृहस्थांच्या हातात शर्टाच्या खिशातला खाजा कोंबला. खाजा म्हणजे आमच्या मालवणी जत्रेतला, गुळात घोळवलेला. काकांच्या खिशात तो कायम. त्या माणसाने असे हात जोडले, शपथ, देव भेटला असता तरी जोडले नसते.

त्या दिवशी परत येताना मी बसमध्ये हसून हसून लोळत होते. काकाही हसत होते. मग एकदम म्हणाले, "तुझी काकी शेवटाक एका जागी होती. तुका आठवता? चांगली जागा म्हणान ठेवलेली. मी रोज चार वाजता जाय. भेटूची वेळ चारची. चार वाजता सगळा झकास. चादर पांढरी, केस इंचारलेले. एकदा माका डुटी लवकर सुटली, तर दुपारचोच गेलंय. तिच्या पाण्याचो गिलास भिंतीवरच्या फळीर होतो. तिचो हात थय पावत नव्हतो. ती गिलासाकडे बघीत पडलेली." खिडकीबाहेर बघत राहिले. "जन्मभर लोकांची तिकिटा तपासलंय, बाय. आणि घरच्या माणसाच्या वेळेक फुडच्या दरवाजान गेलंय."

मी त्यांचा हात धरला, आणि त्यांच्याबद्दलचा माझा सगळा राग त्या बसमध्येच कुठेतरी उतरून गेला.

बोरिवलीची जागा सापडली ती गोराईच्या बाजूला, खाडीजवळ. साधं दोन मजली घर. मागच्या दाराशी पोचलो तर ओले बोंबील साफ होत होते. काका उंबऱ्यातच थबकले, डोळे मिटून वास घेतला. आत गेलो तर हॉलमध्ये जोरदार भांडण. पार्ल्याच्या एक निवृत्त शिक्षिका, कमरेपर्यंत पांढरी वेणी असलेल्या, एका गुजराती काकांना शुद्ध मराठीत झापत होत्या, "पंखा तीनवर ठेवायचा असं काल ठरलं होतं! ठरलेलं पाळायला काय होतं तुम्हाला?" गुजराती काका म्हणत होते, "मला गर्मी होते, तुम्ही शाल ओढो ना!" काकांचा चेहरा लग्नघरात शिरल्यासारखा उजळला.

पाण्याचे ग्लास बघितले. प्रत्येक पलंगाशी, हाताला लागेल असे, वर झाकण. नखं बघितली. मग घंटी दाबून भजन सुरू. धृपद पुरतं व्हायच्या आत एक उंच, काळीसावळी बाई धावत आली. तिथली मुख्य सिस्टर, केरळची, मुंबईत आयुष्य गेलेली. "कौन बजाया? किसको क्या हुआ?" कुणाला काही झालेलं नाही हे कळल्यावर तिने काकांना असं सुनावलं की बस्स. "खेल है क्या? उधर मैं पेशंटला भरवत होती, ते सोडून आली ना मी!"

काका खाली मान घालून ऐकत होते आणि गालात हसत होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "धावत इली आणि चिडली. फुडे चला."

असे बाबा बोरिवलीला राहायला गेले.

सुरुवातीला सगळं छान. पाठीची जखम भरली. बाबा खुर्चीत बसायला लागले, डाव्या हाताने बोंबील खायला लागले. आवाज मात्र नाही. सिस्टर रोज त्यांच्याशी बडबडायची, पार्ल्याच्या आजी त्यांना पाढे म्हणायला लावायच्या, पण शटर काही वर जाईना. मी रविवारी जायचे, त्यांच्या तोंडाकडे बघायचे, आणि माझं ठरलेलं काम करायचे. हात धरून रडायचे.

मग पावसाळ्यात तिथली दोन माणसं नोकरी सोडून गेली आणि हळूहळू घसरण सुरू झाली. चहा थंड यायला लागला. घंटीला भजनाची दोन-दोन कडवी जायला लागली. आणि एका रविवारी गेले तर पार्ल्याच्या आजी भिंतीकडे तोंड करून बसलेल्या. वेणी नव्हती. मानेपर्यंत कापलेले केस. विंचरायला माणूस नाही म्हणून सगळ्या बायकांचे कापून टाकले होते. आजी त्या दिवशी पंख्यावरूनसुद्धा भांडल्या नाहीत.

माझं डोकं फिरलं. पण तोंडातून शब्द निघेना. का? कारण तक्रार करून मी बसने मुलुंडला निघून जाणार, आणि बाबा तिथेच राहणार. राग त्यांच्यावर काढला तर? ज्याला बोलता येत नाही तो कुणाला सांगणार? ज्यांचं माणूस असं कुठे ठेवलेलं असेल त्यांना विचारा, ही भीती काय असते ते.

काकांना सांगितलं. ते म्हणाले, "तू गप रव. मी सुद्धा तक्रार करूचंय नाय."

"मग?"

"देवाक सांगतलंय."

पुढच्या रविवारी काका पुढच्या दाराने आले. आयुष्यात पहिल्यांदा! स्वच्छ धोतर, टोपी, हातात नारळ. सिस्टरला म्हणाले, जरा देवाला नारळ ठेवायचा आहे, सगळ्यांना हॉलमध्ये बसवता का? सिस्टर देवभोळी, गळ्यात क्रॉस. "हां हां, प्रेयर अच्छा है," म्हणाली आणि स्वतः खुर्च्या लावल्या. भिंतीवर गणपतीची तसबीर होती. काका तिच्यापुढे उभे राहिले आणि सगळ्यांना समजावलं, मी थांबलो की मोठ्याने म्हणायचं, व्हय म्हाराजा. मग नारळ वर धरून आवाज लावला.

"बा देवा गणपती म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" पहिल्यांदा जरा विस्कळीत आलं.

"आज ही तुझी लेकरा खाडीच्या कडेक एका छपराखाली रवली आसत, तेंका सांभाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या घराची सिस्टर, तिच्या हाताक यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" 'सिस्टर' एवढा शब्द कानावर पडला आणि सिस्टर लाजली.

"पण हयची चाय थंड येता, ती गरम येऊ दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता गुजराती काकांचा आवाज सगळ्यांत वर.

"घंटी मारून मारून बोटा दुखतत, ती कोणाच्या तरी कानात जाऊ दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!!"

"पार्ल्याच्या बायची वेणी कातरली, ती कोणाक इचारून कातरली, तेचा उत्तर मिळू दे रे म्हाराजा!"

असा गजर झाला की स्वयंपाकघरातली बाई हात पुसत बाहेर आली. आणि हात जोडून, डोळे मिटून सगळ्यांबरोबर सिस्टरही मनापासून ओरडत होती, "होय माराजा!" तिला बिचारीला त्या मालवणीतलं बाकी एक अक्षरही कळलं नव्हतं.

मी बाबांकडे बघत होते. त्यांचे ओठ हलल्यासारखे वाटले. मग थांबले.

प्रसाद वाटून झाल्यावर सिस्टरने पार्ल्याच्या आजींना विचारलं, "क्या मांगा भगवानसे?" आजींनी खणखणीत शब्दात, एकेक वाक्य घेऊन, अर्थासह समजावून दिलं. शिक्षिकाच त्या. सिस्टरचा चेहरा पडला. मला वाटलं, आता संपलं, बाबांना घेऊन जायला सांगणार. पण ती उठून गेली. येताना हातात तेलाची वाटी घेऊन आली आणि आजींच्या मागे बसून त्यांच्या त्या आखूड केसांना तेल लावायला लागली. मी आणि काका मागच्या दाराने हळूच सटकलो.

पुढच्या रविवारी मी घाबरतच काकांना सोबत घेऊन निघाले. गेलो तर हॉलमध्ये खुर्च्या आधीच लावलेल्या. नातेवाइकांसाठी वेगळी रांग. चहा आला, जीभ भाजेल असा. आणि तसबिरीपुढे नारळ घेऊन कोण उभं? सिस्टर! शेजारी पार्ल्याच्या आजी, प्रॉम्प्टरसारख्या. केस रिबिनीने बांधलेले.

"हे गणराया महाराजा!" सिस्टरने सुरुवात केली. आजींनी आठवडाभर पाठ करून घेतलं होतं, त्यामुळे भाषा एकदम पाठ्यपुस्तकातली.

"व्हय म्हाराजा!" सगळा हॉल तयारीचा.

"काही नातेवाईक येतात आणि पलंगावर बसून मोबाईल पाहतात, त्यांना सद्बुद्धी दे रे महाराजा!"

"व्हय म्हाराजा!" म्हाताऱ्यांच्या आवाजात असा जोर मी कधी ऐकला नव्हता. नातेवाइकांच्या रांगेतून पटापट मोबाईल खिशात गेले.

"काही जण दात नसलेल्या माणसासमोर सफरचंद ठेवतात, त्यांना केळी दिसू दे रे महाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"एक वृद्ध गृहस्थ मागील दाराने येतात, भांड्यांची झाकणे उघडतात आणि शुगर असलेल्यांना चोरून खाजा देतात, त्यांचा खिसा फाटू दे रे महाराजा!"

सगळ्यांच्या माना काकांकडे वळल्या. काका उभे राहिले, टोपी काढली आणि छाती फुगवून सगळ्यांच्या आधी ओरडले, "व्हय म्हाराजा!" रीत म्हणजे रीत. नाव आपलं असलं म्हणून काय झालं?

मग सिस्टरने नारळ खाली घेतला. "आमची दोन माणसे गेली. दिवसरात्र मी धावत होते. कुणी विचारले नाही की सिस्टर, तू जेवलीस का. एकदा विचारू दे रे महाराजा."

इथे गजर नाही झाला. हळूच, एकेका खुर्चीवरून आला. "व्हय म्हाराजा." मलाही मान वर करवेना. आपण तिला तपासायला आलो होतो, तिचा ग्लास हाताला लागतो का ते कुणी बघितलंच नव्हतं.

सिस्टरने नाक ओढलं आणि नारळ पुन्हा वर धरला. नजर सरळ माझ्यावर.

"एक मुलगी दर रविवारी मुलुंडहून येते. वडिलांचा हात धरते, तोंडाकडे पाहते आणि रडते. तिचे वडील जिवंत आहेत. तिने त्यांच्याशी बोलावे, भांडावे, पण हे रडणे बंद करू दे रे महाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मीही म्हटलं. काय करणार, देवापुढे होते. पण सगळ्यांचा आवाज विरला तरी एक आवाज चालूच होता. घोगरा, अडखळणारा, वर्षानुवर्षं बंद असलेलं दार कुरकुरावं तसा. माझ्या उजव्या बाजूच्या खुर्चीतून.

"व्ह... व्हय... म्हा... राजा."

सगळा हॉल वळला. बाबा! डावा हात उचललेला, बोट माझ्याकडे रोखलेलं, आणि चेहऱ्यावर तो जुना मागच्या रांगेतला मिस्कीलपणा. इतक्या दिवसांनी तोंड उघडलं माझ्या बापाने, आणि ते माझी तक्रार करायला!

काकांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. सिस्टर पुढचं वाक्य विसरली. आजी तिला सुचवायचं विसरल्या. काकांनी तिच्या हातातला नारळ घेतला, वर धरला आणि फाटलेल्या आवाजात ओरडले, "परत एकदा बोल रे म्हाराजा!"

आणि बाबा बोललेच. या वेळी जरा स्पष्ट.

मी काय केलं असेल? व्हायचं तेच झालं. त्यांच्या मांडीवर डोकं टाकून भोकाड पसरलं.

"देखा?" सिस्टर कमरेवर हात ठेवून सगळ्यांना म्हणाली. "फिर रोती है!"

माझ्या डोक्यावर बाबांचा हात आला आणि वरून त्यांचा आवाज आला, "व्हय म्हाराजा."